पाणी किती गाळायचं? घरातल्या प्रवाळ टाकीचं गणित

परदेशात आल्यावर जडणाऱ्या छंदांमध्ये खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नंबर बराच वरचा असावा. बाहेर चार-पाच महिने झाडाला पान नसतं, तेव्हा दिवाणखान्यात निळ्या उजेडात हलणारी प्रवाळं बघत बसायला बरं वाटतं. पण टाकी सुरू करून दोन-तीन महिने होतात न होतात तोच सल्ल्यांचा मारा सुरू होतो. एक जण म्हणतो सॉक लावा, दुसरा म्हणतो सॉक काढून फेका, तिसरा महागड्या रोलरचा व्हिडिओ पाठवतो. पंचाईत अशी की तिघांच्याही टाक्या छान चाललेल्या असतात!

या लेखात आपण फक्त यांत्रिक गाळणीबद्दल बोलू, म्हणजे पाण्यात तरंगणारा घन कचरा अडवणाऱ्या साधनांबद्दल. कुठल्या कंपनीचं घ्यावं हे मी सांगणार नाही. त्यामागचं विज्ञान समजलं की आपल्या घराला काय झेपेल ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

चोथा गाळणीतच राहिला तर?

चहा गाळताना आपण चोथा टाकून देतो. समजा तो गाळणीत तसाच ठेवला आणि त्यावरून दिवसभर पाणी सोडत राहिलो, तर चोथ्याचा अर्क खाली उतरतच राहील. टाकीच्या फिल्टरचंही अगदी असंच आहे. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, शेवाळाचे तुकडे फिल्टरमध्ये अडकतात, पण ते टाकीबाहेर गेलेले नसतात. त्यांच्यावरून तेच पाणी दिवसरात्र फिरत असतं. जिवाणू तो कचरा कुजवतात, त्यातून अमोनिया सुटतो, दुसरे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तुम्ही हात घालून तो कचरा बाहेर काढेपर्यंत फिल्टरने फक्त त्याची जागा बदललेली असते.

हा हिशोब किती मोठा आहे ते पाहू. टाकी २०० लिटरची धरा आणि रोज २ ग्रॅम कोरडं खाद्य. त्यात साधारण निम्मी प्रथिनं, म्हणजे १ ग्रॅम. प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के, म्हणजे ०.१६ ग्रॅम. या सगळ्याचं नायट्रेट झालं तर ०.७ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅम, दररोज! महिन्याला हा आकडा शंभराच्या वर जातो. प्रत्यक्षात तो इतका चढत नाही. काही नायट्रोजन माशांच्या अंगी लागतो, काही शेवाळ आणि प्रवाळं वापरतात, काही खडकांच्या आतल्या ऑक्सिजनविरहित भागातले जिवाणू वायू करून सोडून देतात. तरी दोन चिमटी खाद्याचा पसारा केवढा होतो हे लक्षात यावं. घरगुती रीफ टाकीत बरेच लोक नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम एवढं राखण्याचा प्रयत्न करतात.

आता एक महत्त्वाचा मुद्दा, जो विक्रीच्या व्हिडिओत सहसा येत नाही. मासे आपल्यासारखे सगळा नायट्रोजन मूत्रातून टाकत नाहीत. त्यातला मोठा भाग ते कल्ल्यांमधून थेट अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. तो विरघळलेला असतो, त्यामुळे कुठलीही जाळी, कापूस किंवा कागद त्याला अडवू शकत नाही. फॉस्फरसचं वेगळं आहे. त्याचा बराच वाटा विष्ठेतून, म्हणजे घन रूपात बाहेर पडतो. त्यामुळे यांत्रिक गाळणीचा प्रभाव नायट्रेटपेक्षा फॉस्फेटवर जास्त पडतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

कोण केवढा?

सॉकवर '२०० मायक्रॉन' असं लिहिलेलं असतं. म्हणजे किती? आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, मिठाचा दाणा ३०० च्या आसपास. जिवाणू एक मायक्रॉनच्या घरातले. प्रवाळांसाठी बाटलीत विकतात ते वनस्पतिप्लवक २ ते २० मायक्रॉन. रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी १०० ते ३०० मायक्रॉन, आणि अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली आर्टेमियाची पिल्लं ४०० ते ५००.

ही यादी पुन्हा वाचा. २०० मायक्रॉनचा सॉक विष्ठा अडवतो तसाच आर्टेमियाही अडवतो. म्हणजे प्रवाळांना रात्री प्रेमाने जेवण घातलं आणि पंप चालू ठेवला, तर अर्ध्या तासात त्यातलं बरंचसं सॉकच्या पोटात. प्रवाळाला ऊर्जा मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या सहजीवी शैवालाकडून मिळते हे खरं. पण नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळवायला त्याला पाण्यातून काहीतरी पकडून खावं लागतं. फिल्टरला 'अन्न' आणि 'कचरा' यातला फरक कळत नाही, त्याला फक्त आकार कळतो. म्हणून खाऊ घालताना परतीचा पंप अर्धा-पाऊण तास बंद ठेवावा आणि टाकीतले प्रवाहाचे पंप मंद चालू ठेवावेत.

आकाराचा दुसरा परिणाम बुडण्यावर होतो. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे लहान कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्यापेक्षा ५ टक्के जड असा १०० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात ४० सेंटिमीटर खाली यायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी दीड दिवसाहून जास्त लागतो.

याचा अर्थ असा की मोठ्या कचऱ्याच्या बाबतीत शर्यत आहे. २०० लिटरच्या टाकीतून तासाला १००० लिटर पाणी फिल्टरमधून जात असेल आणि पाणी नीट ढवळलं जात असेल, तर तरंगणाऱ्या कणांपैकी निम्मे सुमारे आठ मिनिटांत फिल्टरपर्यंत पोचतात. फिल्टर शर्यत जिंकतो. पण खडकांच्या मागे, कोपऱ्यात, जिथे पाणी हलत नाही, तिथे कण आधी खाली बसतात आणि मग फिल्टर कितीही भारी असो, त्याच्या हाती काही लागत नाही. त्यामुळे नवीन फिल्टर विकत घेण्याआधी टाकीतल्या प्रवाहाच्या पंपांची दिशा बदलून पाहा. आठवड्यातून एकदा खडकांवर पाण्याचा झोत मारून बसलेला गाळ उठवा. हे फुकट आहे आणि बऱ्याचदा पुरतं.

आता पर्याय बघू

बहुतेक साधनं टाकीखालच्या संपमध्ये बसतात. (संप म्हणजे कामबंद आंदोलन नव्हे, खालची दुसरी टाकी. आपल्याकडे इमारतीला असते तशीच.)

*कापूस आणि स्पंज.* पॉलिएस्टरचा पांढरा कापूस सगळ्यात स्वस्त. दोन-तीन दिवसांनी काढायचा, टाकून द्यायचा, नवा लावायचा. लहान टाकीला यापेक्षा काही लागत नाही. स्पंज धुवून पुन्हा वापरता येतो, पण तो जितका जुना तितका आत गाळ साठवून बसतो.

*सॉक.* यात दोन जाती आहेत. नायलॉनच्या जाळीचा सॉक चाळणीसारखा, कचरा पृष्ठभागावरच अडवतो आणि चटकन धुतला जातो. फेल्टचा सॉक जाड असतो, कचरा त्याच्या जाडीत अडकतो, पाणी जास्त निवळ होतं, पण धुणं कठीण. श्रीखंडासाठी चक्का टांगताना पाहिलंय ना? सुरुवातीला फडक्यातून येणारं पाणी जरा पांढुरकं असतं, नंतर निवळ येतं आणि थेंब मंदावतात. फडकं बदललेलं नसतं. आत बसलेला दह्याचा थरच आता गाळणी झालेला असतो. सॉकचंही तेच. पहिल्या दिवशी तो २०० मायक्रॉनचा, तिसऱ्या दिवशी त्याहून कितीतरी बारीक, आणि पाचव्या दिवशी तुंबलेला. मग पाणी त्याच्या वरून वाहू लागतं आणि गाळण शून्य, पण कुजणं चालू. म्हणून सॉक घेणार असाल तर एक घेऊ नका, सहा-आठ घ्या आणि दर दोन-चार दिवसांनी बदला.

धुताना उलटा करून जोराच्या पाण्याखाली धरा, मग पाण्यात थोडं ब्लीच घालून भिजत ठेवा, भरपूर धुवा, सोडियम थायोसल्फेटच्या क्लोरिनमारक द्रावणात बुडवा आणि पूर्ण वाळवा. डिटर्जंट आणि कपड्यांचं सॉफ्टनर नको. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधीही एकत्र नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

*रोलर.* यात कापडासारख्या कागदाची गुंडाळी असते. कागद तुंबला की पाण्याची पातळी वाढते, ते तरंगत्या खटक्याला किंवा सेन्सरला कळतं आणि मोटर कागद थोडा पुढे सरकवते. मळका भाग पाण्याबाहेर गुंडाळला जातो. चहाच्या चोथ्याची अडचण इथे सुटते, कारण कचरा कुजायच्या आत पाण्याबाहेर येतो. तोटे असे की यंत्र महाग, गुंडाळीचा खर्च कायमचा, आणि मोटर-सेन्सर म्हटलं की बिघाड आलाच.

*कॅनिस्टर.* बंद डबा, आत स्पंज आणि इतर सामान. गोड्या पाण्यात चांगला चालतो. रीफ टाकीत त्याची अडचण वैज्ञानिक कमी आणि मानवी जास्त: तो उघडणं कटकटीचं, म्हणून महिनोन् महिने उघडला जात नाही. शिवाय वीज गेली तर आतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन जिवाणू थोड्याच तासांत संपवतात आणि ते पाणी सडतं. बराच वेळ बंद पडलेला कॅनिस्टर रिकामा करून धुतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.

*प्रोटीन स्किमर.* काटेकोरपणे ही यांत्रिक गाळणी नाही, पण हा उल्लेख टाळून चालणार नाही. डाळ शिजताना वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो. प्रथिनांच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून राहतो, दुसरा पाण्यापासून पळतो, म्हणून ते हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन चिकटतात. स्किमर लाखो बारीक बुडबुडे सोडून अशी सीमाच भरपूर तयार करतो आणि फेस वरच्या कपात गोळा करतो. खाऱ्या पाण्यातच हे का जमतं? गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून पटकन मोठे होतात. मिठामुळे ते मिसळणं रोखलं जातं. १९९३ साली क्रेग, निनहॅम आणि पॅशली यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की काही क्षार बुडबुड्यांचं मिसळणं थांबवतात, तर काहींचा त्यावर परिणामच होत नाही. आपल्या सुदैवाने साधं मीठ पहिल्या गटात बसतं.

पण स्किमरकडून अवाजवी अपेक्षा नको. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ साली मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हा स्किमर पाण्यातल्या मोजता येणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी फक्त २० ते ३० टक्केच काढू शकतो असं दिसलं. उरलेला त्याच्या हाती लागतच नाही. सॉक किंवा रोलरच्या नंतर स्किमर ठेवला तर त्याच्या कपात कमी जमतं. त्याने घाबरू नका, जे आधीच निघालं ते कपात येणार कुठून?

काहीच लावलं नाही तर?

हाही पर्याय खरा आहे. जकार्ताच्या ली चिन इंग यांनी १९६१ साली खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर चालणाऱ्या समुद्री टाक्यांबद्दल लिहिलं होतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९८० साली सुरू झालेल्या रीफमध्ये वॉल्टर एडी यांनी गाळणीऐवजी शेवाळाचा गालिचा वापरला. शेवाळ पाण्यातली पोषकद्रव्यं शोषून वाढतं आणि ते खरवडून काढलं की पोषकद्रव्यं बाहेर जातात. प्लवक मात्र पाण्यात राहतात. अशा टाकीत मासे कमी, खाद्य मोजकं आणि संपच्या तळाचा गाळ नियमित नळीने ओढून काढायची तयारी हवी.

फार स्वच्छ पाण्याचा धोका

पूर्वी छंदातलं ब्रीद सोपं होतं: नायट्रेट-फॉस्फेट शून्याकडे न्या. नैसर्गिक रीफच्या पाण्यात ते अगदी कमी असतातच. पण तिथे प्लवकांचा प्रवाह अखंड येत असतो, आपल्या टाकीत तो नसतो. २०१३ साली साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या यॉर्ग वीडनमान आणि सहकाऱ्यांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा तुटवडा अशी स्थिती आली, तर सहजीवी शैवालाच्या पेशीपटलातल्या मेदाची घडण बदलते आणि उष्णता वा प्रखर उजेड आला की प्रवाळ लवकर पांढरं पडतं.

आता मघाचं वाक्य आठवा. घन कचऱ्यात फॉस्फरसचा वाटा मोठा आणि विरघळलेल्या कचऱ्यात नायट्रोजनचा. म्हणजे प्रत्येक कण टिपणारी गाळणी लावली, वर फॉस्फेट शोषणारी रसायनंही वापरली, तर नायट्रेट मागे उरून फॉस्फेट शून्यावर जाऊ शकतं. पाणी काचेसारखं दिसतं, आणि प्रवाळ मात्र दिवसेंदिवस फिकट होत जातं. अशा वेळी लोक अजून गाळतात! खरं तर गाळणी सैल करायला हवी, किंवा माशांना थोडं जास्त खायला घालायला हवं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. आठवड्याला एकदा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मोजा आणि वहीत लिहा.

भारतवारीची परीक्षा

आपल्या लोकांसाठी फिल्टर निवडताना एक खास कसोटी आहे, ती कुठल्या मार्गदर्शक पुस्तकात सापडायची नाही. आपण दीड-दोन वर्षांनी एकदा चार-पाच आठवडे घरी जातो. त्या काळात शेजारीण झाडांना पाणी घालेल, माशांना खाद्य टाकेल, पण दर तीन दिवसांनी घाणेरडा सॉक काढून धुवेल का? नसेल, तर निघण्यापूर्वी सॉक आणि कापूस काढूनच ठेवा. चार आठवडे मोकळं वाहणारं पाणी चार आठवडे कुजणाऱ्या सॉकपेक्षा बरं. रोलर असेल तर नवी गुंडाळी घालून जा. स्किमर थोडा कोरडा चालवा, म्हणजे कप लवकर भरून जमिनीवर सांडणार नाही. खाद्य रोजच्या पुड्यांत मोजून ठेवा, कारण प्रेमळ शेजारी नेहमी जास्तच घालतात. हा सगळा बदल निघण्याच्या दोन आठवडे आधी करा आणि आकडे बघा. तुंबलेल्या सॉकवरून पाणी सुरक्षित संपमध्येच पडतं ना, हेही एकदा मुद्दाम सॉक अडवून पाहून घ्या.

आणि हो, कोकणात गेलात, मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळाचा वाळलेला तुकडा सापडला, तर टाकीसाठी म्हणून बॅगेत टाकू नका. खडकाळ रीफ बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. इथे शेतीसारखी वाढवलेली प्रवाळं रीतसर मिळतात, तीच घ्यावीत.

मग घ्यायचं काय?

टाकी १०० लिटरच्या आत असेल तर कापूस आणि आठवड्याला पाणी बदलणं. टाकी मध्यम, मासे बेताचे आणि तुम्हाला आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं देता येत असतील, तर जाळीचे सॉक आणि साधा स्किमर. मासे भरपूर, कामाचे तास लांब, प्रवास वारंवार आणि खिसा परवानगी देत असेल, तर रोलर. नाजूक, प्लवक खाणारी प्रवाळं जास्त असतील, तर गाळणी सैल आणि शेवाळावर भर.

बदल एका वेळी एकच करा आणि पुढचा बदल करण्याआधी तीन आठवडे थांबा. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की परिणाम कशाचा हे कळत नाही. आणि दुकानात उभं राहून मायक्रॉनच्या आकड्यांची तुलना करण्याआधी स्वतःला एक साधा प्रश्न विचारा: कामावरून थकून आल्यावर गुरुवारी रात्री मी हे साफ करणार आहे का? उत्तर प्रामाणिकपणे 'हो' येईल तो फिल्टर घ्या.